कमी खर्चात सर्व सोयींचे सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल : निवडीचा बरोबर क्रम

परवाना हातात आला की बहुतेक जण आधी किंमत बघतात, मग सोयींची यादी, मग काडतुसाचा आकार. पिस्तूल आपल्या हातात नीट बसते की नाही, हे पैसे भरून झाल्यावर कळते. हा क्रम नेमका उलटा आहे. परवडणाऱ्या गटात आज खरोखर चांगली पिस्तुले आहेत: टॉरसचे जी३, कॅनिकची टीपी९ मालिका, रुगरचे सिक्युरिटी-९, स्टोगरचे एसटीआर-९, सारसिल्माझचे सार ९. त्यांतून स्वतःसाठी एक निवडायचे, तर प्रश्न ठरावीक क्रमाने विचारावे लागतात. मधला एखादा गाळला की पुढची तपासणी फुकट जाते.

## टप्पा १ : कायद्याची मर्यादा कागदावर लिहा

दुकानात जाण्याआधी आपल्याला लागू असलेल्या कायद्यातून चार गोष्टी काढून लिहा: कोणत्या काडतुसाला परवानगी आहे, मॅगझीनमध्ये किती काडतुसे चालतात, नळीच्या किमान लांबीची अट आहे का, आणि पिस्तूल कसे ठेवायचे व न्यायचे. काही देशांत लष्करी वापरातली काडतुसे नागरिकांना मिळत नाहीत. काही ठिकाणी १० पेक्षा जास्त काडतुसांचे मॅगझीन बाळगणे हाच गुन्हा आहे. तिथे १७ काडतुसांच्या क्षमतेसाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सावध: विकणारा सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. परवान्यावरचा मजकूर आणि पिस्तुलावर कोरलेला काडतुसाचा प्रकार अक्षरशः जुळला पाहिजे.

## टप्पा २ : मुख्य काम एकच ठरवा

रेंजवरचा सराव, स्पर्धा, घरातले संरक्षण, अंगावर बाळगणे. या चारही कामांना एकच पिस्तूल सारखेच चांगले नसते. मुख्य काम एक धरा, बाकीची दुय्यम माना.

इथली सर्वांत मोठी चूक म्हणजे नवख्याने सर्वांत छोटे पिस्तूल घेणे. छोटे म्हणजे सोपे असा समज असतो. प्रत्यक्षात हलक्या पिस्तुलाचा धक्का जास्त लागतो, आखूड मुठीवर करंगळीला जागा उरत नाही, माशी (पुढची नेमखूण) आणि खाच (मागची नेमखूण) यांच्यातले अंतर कमी असल्याने नेमातली लहानशी चूकही लक्ष्यावर मोठी दिसते, आणि ताठ स्प्रिंगमुळे स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) मागे ओढणे जड जाते. पहिले आणि एकमेव पिस्तूल घेणार असाल तर मधला आकार घ्या. नळी साधारण १०० मिमी, वजन सहाशे-सातशे ग्रॅम. मोजमापाचा अंदाज यावा म्हणून सांगतो: ग्लॉक १९ ची नळी १०२ मिमी आहे, ग्लॉक १७ ची ११४ मिमी. अंगावर बाळगायचे नसेल तर मोठ्या आकाराकडे झुकायला हरकत नाही. मोठे पिस्तूल शिकायला सोपे जाते.

## टप्पा ३ : पिस्तुलाचा नाही, पूर्ण खर्चाचा हिशेब करा

ठरवलेली सगळी रक्कम पिस्तुलावर घालवू नका. खालच्या गोष्टी पहिल्याच दिवशी लागतात:

- कुलूपबंद तिजोरी किंवा पेटी, आणि काडतुसांसाठी वेगळे कुलूप
- कानांचे संरक्षक आणि गोळीबारासाठीचा चष्मा
- किमान तीन मॅगझीन (स्वस्त पिस्तुलाबरोबर कित्येकदा एकच येते)
- चाप पूर्ण झाकणारे, त्याच मॉडेलसाठी बनवलेले होल्स्टर (पिस्तुलाचे म्यान)
- नळी साफ करायचा ब्रश, द्रावण, तेल
- प्रशिक्षकाची फी
- सरावाची काडतुसे

शेवटची बाब सगळे विसरतात. वर्षभर मनापासून सराव केला तर काडतुसांचा खर्च स्वस्त पिस्तुलाच्या किमतीच्या बरोबरीला येऊ शकतो. म्हणून थोडे स्वस्त पिस्तूल आणि भरपूर काडतुसे हा सौदा नेहमी चांगला. उलट केलेत तर उत्तम पिस्तूल कपाटात पडून राहते.

पडताळा: दोन पिस्तुलांची तुलना करताना पेटीत काय-काय येते ते धरून किंमत लावा. कॅनिकच्या टीपी९ मालिकेतल्या बऱ्याच पिस्तुलांबरोबर दुसरे मॅगझीन, होल्स्टर आणि मुठीचे बदलते भाग येतात. हे सगळे वेगळे घेतले तर दुसरे 'स्वस्त' पिस्तूल महाग पडते.

## टप्पा ४ : काडतूस

कायदा परवानगी देत असेल तर ९×१९ मिमी घ्या. सरावासाठी ते सर्वांत सहज मिळते, धक्का सोसण्यासारखा असतो, आणि परवडणाऱ्या गटातली बहुतेक पिस्तुले याच काडतुसाभोवती बांधलेली असतात. ४० एसअँडडब्ल्यू जास्त झटका देते आणि नवख्याला घाबरवते. ४५ एसीपी महाग पडते, आणि त्याच आकाराच्या मॅगझीनमध्ये कमी मावते.

३८० एसीपी सौम्य मानले जाते, पण त्यात एक मेख आहे. या काडतुसाच्या अनेक छोट्या पिस्तुलांत नळी आणि स्लाइड यांची जोड कुलुपासारखी अडकत नाही, सगळा भार स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर असतो. त्यामुळे काडतूस सौम्य असूनही स्लाइड ओढायला जड आणि धक्का टोचरा वाटतो. हातांत जोर कमी असणाऱ्यांनी नुसते काडतुसाचे नाव वाचून न घेता ते पिस्तूल हाताळूनच ठरवावे. स्मिथ अँड वेसनच्या शील्ड ईझेड मालिकेत स्लाइड ओढायला मुद्दाम हलकी ठेवली आहे.

२२ एलआर स्वस्त सरावाला उत्तम. मात्र त्यातला स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेत असतो आणि फुसकी काडतुसे इतरांपेक्षा जास्त निघतात, म्हणून संरक्षणासाठी ती पहिली निवड नाही.

सावध: ९ मिमीच्या साध्या काडतुसाचा कमाल दाब अमेरिकी मानकानुसार ३५,००० पीएसआय आहे, 'प्लस पी' म्हणजे जास्त दाबाच्या काडतुसाचा ३८,५००. पुस्तिकेत 'प्लस पी चालेल' असे लिहिले असेल तरच ती वापरा.

## हाताळण्याआधीचे चार नियम

पुढचे टप्पे पिस्तूल हातात घेऊनच करायचे आहेत. प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे माना. जे उद्ध्वस्त करायचे नाही त्यावर नळी कधीही रोखू नका. नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, फ्रेमवर (पिस्तुलाच्या सांगाड्यावर) सरळ. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे माहीत असल्याशिवाय गोळी नाही.

हातात घेताच: आधी मॅगझीन काढा, मग स्लाइड मागे ओढून अडकवा, चेंबर (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसते) डोळ्यांनी पाहा, बोट घालून चाचपा. दोनदा. क्रम चुकवू नका. मॅगझीन आत असताना स्लाइड ओढून सोडली तर तुम्ही काडतूस चेंबरमध्ये भरता. समोरच्याने आत्ताच तपासले असले तरी तुम्ही पुन्हा तपासायचे.

## टप्पा ५ : हात

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, आणि सगळ्यांत जास्त गाळला जाणाराही. चांगले पिस्तूल तुमच्या हाताला चुकीचे असू शकते. त्यावर सोयींची यादी काही उपाय करत नाही.

रिकामे असल्याची खात्री करून, दुकानदाराची परवानगी घेऊन, सुरक्षित दिशेला रोखून हे क्रमाने बघा.

१. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या बाजूला, जितकी वर जाईल तितकी वर बसवा. नळीची रेषा आणि मनगटाची हाडे एका सरळ रेषेत आली पाहिजेत. चापापर्यंत पोचण्यासाठी मनगट वळवावे लागत असेल तर मूठ तुमच्यासाठी मोठी आहे.

२. बोट चापावर ठेवा. पहिल्या पेराचा मधला मांसल भाग चापावर यावा. नुसते टोक पोचत असेल किंवा बोट सांध्यापर्यंत आत जात असेल, तर ओढताना पिस्तूल बाजूला ढकलले जाईल.

३. मूठ न सोडता अंगठ्याने मॅगझीन सोडायचे बटण दाबता येते का? स्लाइड अडकवणारा खटका? सेफ्टी असेल तर तीही? हात थोडा फिरवावा लागला तर चालेल, पण मूठ पूर्ण सुटत असेल तर नाही.

४. स्लाइड पाच-सहा वेळा ओढा. सीझेड ७५ सारख्या रचनेत स्लाइड फ्रेमच्या आतून धावते, म्हणून बोटांना पकडायला कमी उंची मिळते. ओले किंवा तेलकट हात असताना काय होईल याचा विचार करा.

५. डोळे मिटा, पिस्तूल सुरक्षित भिंतीकडे रोखा, डोळे उघडा. पुढची माशी मागच्या खाचेत आपोआप दिसते का? तीन-चार वेळा करून दरवेळी माशी वर किंवा खाली जात असेल, तर मुठीचा कोन तुमच्या हाताशी जुळत नाही. सरावाने हे सुधारते, पण जुळणारे दुसरे पिस्तूल समोर असताना तो त्रास घेण्याचे कारण नाही.

डावखुऱ्यांनी इथे जरा थांबावे. मॅगझीनचे बटण दुसऱ्या बाजूला बदलता येते का, स्लाइडचा खटका दोन्ही बाजूंना आहे का, सेफ्टी उजव्या बाजूलाही आहे का, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. जाहिरातीत 'दोन्ही हातांसाठी' लिहिले की तिन्ही असतातच असे नाही.

पडताळा: शक्य असेल तिथे तेच मॉडेल रेंजवर भाड्याने घेऊन ५० काडतुसे झाडा. एवढ्या खर्चात मिळणारी माहिती दुसऱ्या कशातूनही मिळत नाही.

## टप्पा ६ : चाप आणि सेफ्टीची रचना

परवडणाऱ्या गटात तीन प्रकार भेटतात. स्ट्रायकरच्या (काडतुसावर आदळणाऱ्या, स्प्रिंगने सुटणाऱ्या आतल्या सुईच्या) पिस्तुलात चाप दरवेळी सारखाच लागतो, साधारण अडीच ते तीन किलो. हॅमरच्या (सुईवर आपटणाऱ्या घोड्याच्या) दुहेरी क्रियेच्या, म्हणजे एकाच ओढीत घोडा उचलून सोडणाऱ्या पिस्तुलात पहिला चाप लांब आणि जड, साडेचार-पाच किलोंचा, नंतरचे हलके. हे दोन चाप शिकायला वेळ लागतो. तिसरा आतल्या हॅमरचा: रुगर सिक्युरिटी-९ बाहेरून स्ट्रायकरसारखे दिसते, आत हॅमर आहे.

नवख्याला मी स्ट्रायकर सुचवतो, कारण एकच चाप शिकायचा असतो. हाताची सेफ्टी असावी की नसावी यावर एकमत होणार नाही. तिची सवय लावायची तयारी असेल तर घ्या. नाहीतर ती ऐन वेळी लावलेली राहते, किंवा लावली आहे या भरवशावर माणूस निष्काळजी होतो.

एक प्रश्न मात्र जरूर विचारा: साफसफाईसाठी खोलताना चाप ओढावा लागतो का? ग्लॉक आणि त्याच्या धर्तीवरच्या अनेक पिस्तुलांत ओढावा लागतो, आणि चेंबर न तपासता तो ओढल्याने अपघात झाले आहेत. सिग पी३२० सारख्या काही रचनांत चाप न ओढता पिस्तूल खुलते. घरात पिस्तूल हाताळणारे एकापेक्षा जास्त परवानाधारक असतील तर या मुद्द्याला वजन द्या.

## टप्पा ७ : सोयी, दोन रकान्यांत

'सर्व सोयींचे' या शब्दांवर पैसे वाया जातात ते इथे. कागदाला मधोमध रेघ मारा. एका बाजूला नंतर बसवता येणाऱ्या सोयी, दुसऱ्या बाजूला न येणाऱ्या. आज पैसे फक्त दुसऱ्या रकान्यासाठी द्या.

नंतर बसवता न येणाऱ्या, किंवा बसवायला पिस्तुलाइतकाच खर्च येणाऱ्या:

- रेड डॉट साइटसाठी (लाल ठिपक्याने नेम धरायला मदत करणाऱ्या काचेसाठी) स्लाइडमध्ये कोरलेली जागा. ती नंतर कोरून घेणे महाग पडते.
- फ्रेमवरची दिव्याची पट्टी.
- माशी आणि खाच बसवायची खोबणी. रुगर ईसी९एसमध्ये दोन्ही स्लाइडमधूनच कोरलेल्या आहेत, त्या बदलता येत नाहीत. खर्च वाचवायचा हा प्रामाणिक मार्ग आहे, पण आधी माहीत हवा.
- दोन्ही बाजूंचे खटके.
- मुठीचा आकार बदलणारे मागचे भाग.
- मॅगझीनची उपलब्धता. मॉडेल बंद पडले आणि मॅगझीन मिळेनासे झाले, की पिस्तूल अर्धे निकामी होते.

नंतर सहज होणाऱ्या: रात्री दिसणारी माशी, मुठीवरचे खरखरीत आवरण, दिवा, मॅगझीनची वाढीव तळपट्टी, चमकदार रंग. या गोष्टींसाठी आज जास्त किंमत देऊ नका.

रेड डॉटची जागा कोरलेली असेल तर ती कोणत्या साच्याची आहे ते विचारा. आरएमआर, आरएमएससी, डॉक्टर अशा नावांचे हे साचे एकमेकांत बसत नाहीत. चुकीच्या साच्याची जागा म्हणजे पुढे जोडपट्टी आली, आणि प्रत्येक जोडपट्टीबरोबर ढिले होणारे स्क्रू वाढले.

मॅगझीनबद्दल अजून एक. त्याच घराण्यातल्या मोठ्या पिस्तुलाचे मॅगझीन छोट्यात चालते का ते बघा. ग्लॉक १७ चे मॅगझीन ग्लॉक १९ मध्ये चालते, उलट चालत नाही.

कंपनीने खर्च कुठे वाचवला याचीही यादी करा. साधी प्लॅस्टिकची माशी, खरबरीत चाप, कमी चकाकी, एकच मॅगझीन ही सगळी माफ करण्यासारखी काटकसर आहे. साच्यात धातूची पूड दाबून बनवलेले छोटे भाग ऐकून घाबरू नका, महागड्या पिस्तुलांतही ते असतात. सुटे भाग न मिळणे, वॉरंटीचे केंद्र तुमच्या देशात नसणे, पुस्तिका अर्धवट असणे ही काटकसर मात्र माफ करू नका.

## टप्पा ८ : तेच पिस्तूल तपासा जे घरी नेणार आहात

नमुना चांगला आणि डब्यातले वेगळे, असे होऊ देऊ नका. ड्राय फायरला (रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून पाहण्याला) परवानगी विचारा. २२ एलआरच्या पिस्तुलांत ते टाळा, आतली सुई चेंबरच्या कडेवर आदळू शकते. चेंबर दोनदा तपासून:

१. स्लाइड ओढून सोडा. चाप ओढा आणि दाबूनच ठेवा. तसेच दाबलेले असताना स्लाइड पुन्हा ओढून सोडा. आतून काही सुटल्याचा आवाज येता कामा नये. आता चाप सावकाश सोडा, 'टक्' झाले पाहिजे. पुन्हा ओढा, स्ट्रायकर सुटला पाहिजे. यात कुठेही गडबड झाली तर ते पिस्तूल परत द्या.

२. सेफ्टी असेल तर लावून चाप जोरात ओढा. काही होता कामा नये. चाप सोडा, सेफ्टी काढा. अजूनही काही सुटता कामा नये. मग चाप ओढल्यावरच सुटावे.

३. मिळणाऱ्या प्रत्येक रिकाम्या मॅगझीनने स्लाइड मागे अडकते का ते पाहा. बटण दाबल्यावर मॅगझीन स्वतःच्या वजनाने खाली पडावे.

४. स्लाइड पुढे असताना पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीतून नळीचा वरचा भाग अंगठ्याने दाबा. ती स्प्रिंगसारखी खाली जात असेल तर जोड ढिली आहे.

५. पिस्तूल खोलून नळी काढा, उजेडाकडे धरून बघा. आतून गडद वर्तुळ दिसले तर नळी तिथे फुगली आहे. तोंडाच्या कडेवर खोच नको. एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाची) नखी तुटलेली नको.

स्लाइड फ्रेमवर डुगडुगते म्हणून चांगली पिस्तुले नाकारणारे बरेच आहेत. धूळ-माती झेलणाऱ्या पिस्तुलात ती फट ठेवावीच लागते. डुगडुग स्लाइडची चालते, नळीची नाही.

जुने पिस्तूल घेत असाल तर हाच क्रम, अधिक दोन गोष्टी. स्लाइड, नळी आणि फ्रेमवर क्रमांक असतील तर ते एकमेकांशी आणि कागदपत्रांशी जुळवा. आणि तो क्रमांक कंपनीकडे तपासून परत बोलावणीची नोंद आहे का ते पाहा. २०१७ साली सिग सॉअरने पी३२० साठी सुधारणा मोहीम जाहीर केली, कारण विशिष्ट कोनात पडल्यावर ते सुटू शकते असे चाचण्यांत दिसले होते. पिस्तूल पडल्यावर सुटते का, हे घरी तपासायचे नसते. त्यासाठी कंपनीची नोंदच बघावी लागते. पोलीस-लष्कराच्या सेवेतून काढलेली पिस्तुले बाहेरून घासलेली पण आतून कमी झिजलेली असतात, त्यामुळे रंग उडालेला बघून लगेच नाक मुरडू नका.

## टप्पा ९ : पहिली तीनशे काडतुसे

नव्या पिस्तुलावर साठवणुकीचे तेल-ग्रीस असते. रेंजवर नेण्याआधी खोला, पुसा, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी एकेक थेंब तेल द्या. जास्त तेल धूळ आणि काजळी धरते.

मॅगझीनवर क्रमांक घाला. दोनशे ते तीनशे साधी काडतुसे सगळ्या मॅगझीनमधून आलटून-पालटून झाडा. प्रत्येक अडथळा लिहा: कितवे काडतूस, कोणते मॅगझीन, काय झाले. संरक्षणासाठी वेगळी काडतुसे वापरणार असाल तर तीही पन्नासेक झाडून बघा. पोकळ टोकाची गोळी काही पिस्तुलांत चेंबरच्या तोंडाशी अडते.

नोंदी वाचायच्या अशा. अडथळा एकाच मॅगझीनला येतो, तर दोष मॅगझीनचा. एकाच प्रकारच्या काडतुसाला येतो, तर काडतूस बदला. रिकामी पुंगळी सगळ्या मॅगझीनमध्ये आतच राहते, तर एक्स्ट्रॅक्टर किंवा चेंबर. आणि काहीच जुळत नसेल, तर ते पिस्तूल अनुभवी नेमबाजाच्या हाती द्या. ढिल्या मनगटामुळे स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि दोष पिस्तुलाला लागतो.

सावध: चाप ओढला आणि गोळी सुटली नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा, मग रिकामे करा. आवाज फुसका आला किंवा धक्का नेहमीपेक्षा कमी लागला, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागे दुसरी झाडली तर नळी फुटते. पिस्तूल रिकामे करा, खोला, नळीतून आरपार उजेड दिसल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गोळ्या एका बाजूला जात असतील तर माशीला हात लावण्याआधी चांगल्या नेमबाजाकडून टेकू देऊन पाच गोळ्या झाडून घ्या. त्याच्याही तिकडेच गेल्या तरच खाच सरकवा, आणि ज्या बाजूला गोळी न्यायची त्याच बाजूला सरकवा.

रेंजवरून आल्यावर खाण्याआधी हात साबणाने धुवा, काजळीत शिसे असते. झाडलेल्या काडतुसांची बेरीज वहीत लिहीत राहा. रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे ढकलणारी) किती काडतुसांनंतर बदलायची हे पुस्तिकेत दिलेले असते. तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि पुढची स्प्रिंग आत्ताच, मॉडेल चालू आहे तोवर, घेऊन ठेवा.